इंजिनाचं सोवळं

नागूबाईला इंजिन दुरुस्त करता येतं असं कुणी म्हटलं, तर आधी तीच भांडायला उठायची. “इंजिन न्हाय येत मला. इंजिनाचं गाळणं येतं. जेवढं येतं तेवढंच बोला की!” खोट्या कौतुकावर जी बाई एवढी चिडते, ती अपमानावर काय करत असेल? ते मंद्रूपपासून दोन कोसांवरच्या एका गावानं त्र्याहत्तर साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, उघड्या डोळ्यांनी पाहिलं. गावाचं नाव सांगून उपयोग नाही. तसलं अंगण गावोगाव आहे.

गाळणं ती शिकली दुष्काळात. बहात्तरला पावसानं पाठ फिरवली, विहिरींचे तळ उघडे पडले आणि सगळा तालुका रस्त्याच्या कडेला खडी फोडत बसला. नागूबाईचा नवरा यशवंत सोलापुरात गिरणीत होता, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. घरी म्हातारी सासू, दोन पोरी, आणि कमावणारी एक हातोडी. एके दिवशी ती हातोडी खडीऐवजी डाव्या अंगठ्यावर पडली. अंगठा वांग्यासारखा काळानिळा झाला. मुकादम म्हणाला, “जा घरी. बरी झालीस की ये.”

“घरी जाऊन काय खाऊ? अंगठा?” असं म्हणून ती उठली ती घराकडं गेलीच नाही. रस्ता दाबणाऱ्या रोलरच्या सावलीत जाऊन बसली. रोलरचा मिस्त्री सोलापूरचा म्हातारा मुसलमान, डोळ्यानं अधू. त्याला म्हणाली, “चाचा, एका हाताचं काम असंल तर सांगा. उठणार न्हाय मी.”

म्हाताऱ्यानं तिला सगळ्यात घाण काम दिलं. डिझेलचं गाळणं धुवायचं. रस्त्यावर धूळ एवढी की गाळणं दिवसाआड तुंबायचं, आणि डिझेलचा वास भाकरीला लागतो म्हणून दुसरं कुणी त्याला हात लावत नव्हतं. पहिल्या दिवशी नागूबाईनं खडीच्या घमेल्यात डिझेल ओतून ते त्यात बुडवलं. म्हातारा असा ओरडला की लांब बसलेल्या बायांच्या हातोड्या थांबल्या.

“अगे, उसमें रेती है! इंजन भूका रहा तो चुप बैठता, मैला पिया तो मरता. ये ले, इसमें धो.”

आणि त्यानं स्वतःचं जेवायचं ताट तिच्या पुढ्यात सरकवलं. ॲल्युमिनियमचं, काठाला चेमटलेलं. नागूबाईच्या तीस-पस्तीस वर्षांच्या आयुष्यात जातीबाहेरच्या माणसानं आपलं ताट तिच्या हाती दिल्याची ही पहिली वेळ, आणि तेही इंजिनाच्या काळजीपोटी! तिला हसू आलं आणि रागही आला. राग म्हाताऱ्याचा नाही, बाकी सगळ्यांचा.

पुढं दुष्काळी काम बंद होईपर्यंत रोलरचं गाळणं तिच्याकडंच राहिलं. अंगठा बरा झाला तरी तिनं सोडलं नाही.

त्र्याहत्तरला पाऊस आला. भाद्रपदात जमीन भिजली, हस्तानं तर लोळवलं. दोन वर्षांनी काळ्या रानात पाय रुतला. आता शाळू ज्वारीची पेरणी. पण पेरायचं कशानं? बौद्धवाड्याची मिळून अकरा एकर जमीन. वतन खालसा झाल्यावर रीतसर नावावर झालेली. बैल मात्र एकही उरला नव्हता. काही छावणीत मेले, काही त्याआधीच बाजारात गेले.

गावच्या सोसायटीनं एक लहानसा ट्रॅक्टर आणला होता. वीस घोड्यांचा, बुटका, पण चिवट. बैलाची पेरायची पाभर साखळीनं त्याच्या मागं बांधायची, बायांनी चाड्यात दाणे सोडत मागं चालायचं, असा जुगाड ड्रायव्हर ईराप्पानं जमवला होता. ट्रॅक्टर सगळ्या सभासदांचा, म्हणून पाळ्या ठरल्या. यादी चावडीच्या भिंतीला चिकटवली. सहावा नंबर बौद्धवाड्याचा. नागूबाई अक्षरावर बोट ठेवून वाचायची, पण वाचायची. तिनं तो सहा तीनदा वाचला होता.

ट्रॅक्टर सगळ्यांचा खरा, पण राहायचा चेअरमन रुद्राप्पाच्या अंगणात. आणि जे ज्याच्या अंगणात राहतं ते हळूहळू त्याचं होतं, हे आपल्याकडं शाळेत न शिकवता सगळ्यांना येतं. पाचवा नंबर झाला आणि ट्रॅक्टर सहाव्याकडं न येता रुद्राप्पाच्या मेहुण्याकडं गेला. तिथून रुद्राप्पाच्या वरच्या मळ्यात. बौद्धवाड्यातली केराआत्या रोज सकाळी रानात जाऊन मूठभर माती दाबून पेरणीजोगी ओल आहे का ते बघायची. त्या दिवशी तिनं येऊन सांगितलं, “नागे, वापसा चाललाय गं. उद्या-परवा पेर झाली तर झाली. मग ढेकूळ हुतंय, दाणा आत वाळून मरतोय.”

नागूबाईनं पदर खोचला आणि थेट रुद्राप्पाच्या दाराशी गेली. केराआत्या मागोमाग.

दारात पाच-सहा माणसं आधीच उभी होती. ट्रॅक्टर अंगणात, दसऱ्याच्या झेंडूच्या माळा अजून अंगावर, नाकावर भस्माचे तीन पट्टे. खाली मात्र डिझेलचं थारोळं. ईराप्पा पाना घेऊन घामाघूम झाला होता.

“काय झालं?” नागूबाईनं बाहेरूनच विचारलं.

सातव्या नंबरचा कोंडीबा म्हणाला, “फिल्टर गळतंय. एक तास चाललं की एअर धरतंय आन बंद पडतंय. सोलापूरच्या मेकॅनिकला सांगावा धाडला, त्यो म्हणतो तीन दिवसांनी यीन.”

“तीन दिवसांनी काय, पेरणीचं मातेरं बघायला यील व्हय?”

ओट्यावरून रुद्राप्पा बोलला, “नागे, तुजी पाळी इचारायला आली असशील तर बघ सोताच. ट्रॅक्टरच पडलाय. माज्या हातात काय हाय?”

“पडायच्या आधी कुणाच्या रानात हुता अण्णा?”

दारातल्या एक-दोघांनी खाली बघून मिशीत हसू दाबलं. रुद्राप्पाला ‘मालक’ न म्हणता ‘अण्णा’ म्हणणारी बौद्धवाड्यातली ती एकटीच बाई. ते त्याला दर वेळी टोचायचं आणि दर वेळी काही बोलता यायचं नाही, कारण अण्णा ही शिवी थोडीच आहे?

नागूबाई उंबऱ्याबाहेरच उकिडवी बसली आणि वाकून ट्रॅक्टरच्या पोटाकडं बघू लागली. तेल बोल्टमधून येत नव्हतं, नळीच्या सांध्यातूनही नाही. वरची लोखंडी टोपी आणि खालचा गाळण्याचा डबा, यांच्या फटीतून एका बाजूनं येत होतं. म्हणजे रबर. ती उठली. “रबर नीट बसलं न्हाय. मी बसवते.”

ईराप्पा खो-खो हसला. “रबर? अगं, दोन-दोन रबरं बशिवल्यात मी! जुनं बी ठिवलं, त्याच्यावर नवं बी. वीस वर्सं मोट हाकलीया. मोट गळायला लागली की दुहेरी चामडं लावायचं, थेंब पडत न्हाय. मला शिकवती!”

“मोटंला जमतं ते हितं जमत न्हाय, ईराप्पाभाऊ. खाच एका रबराची हाय. दोन घातली की वरचं घसरतं, मग एका अंगाला फट पडती. तुमी जितकं आवळाल तितकं बाहेर येतंय. व्हय का न्हाय?”

ईराप्पाचं हसू विझलं. कारण आवळेल तितकं जास्त गळत होतं, हे खरं होतं. पान्याला लोखंडी पाइप लावून त्यानं आवळून पाहिलं होतं. वरून अंगाचा साबणही थापला होता.

रुद्राप्पानं बराच वेळ मिशीवरून बोट फिरवलं. गरज त्याचीही होती. वरचा मळा निम्मा राहिला होता. शेवटी म्हणाला, “बरं. ईराप्पा, चार माणसं लाव. ट्रॅक्टर ढकलून भाईर रस्त्यावर घ्या. तितं करू दे तिला काय करायचं ते.”

“रस्त्यावर न्हाय,” नागूबाई म्हणाली.

“का?”

“आज बाजाराचा वार हाय. मंद्रूपच्या गाड्या जातायत, गुडघाभर धूळ उडतीया. फिल्टर उघडलं की पंपाचं तोंड उघडं पडतं. एक कण आत गेला तर तुमचा मेकॅनिक तीन दिवसांनी न्हाय, तीन म्हयन्यांनी बी काय करू शकणार न्हाय. जितं उभा हाय तितंच खोलीन. आन दुसरं, ट्रॅक्टर सोसायटीचा हाय. सभासदाच्या यादीत माजं बी नाव हाय. सभासदाला ट्रॅक्टरपाशी यायला कुणाची परवानगी लागती?”

रुद्राप्पाची आई जगदेवी अव्वा दाराआड होती ती बाहेर आली. “यव्वा! दसऱ्याची पूजा झालेली जागा. ही आत येणार?”

पण अव्वा बोलेपर्यंत ही आत आली होती. सरळ चालत. उंबरा ओलांडताना तिचे पाय थरथरले नाहीत असं सांगणारे सांगतात. मी सांगत नाही. थरथरले असतील. थरथरत्या पायांनीही उंबरा ओलांडता येतो.

ट्रॅक्टरपाशी जाऊन तिनं टाकीचा कॉक बंद केला. कॉक चालूच ठेवून दोन दिवस ईराप्पा गळती बंद करत होता! मग तिनं हात झटकले आणि म्हणाली, “एक स्वच्छ भांडं द्या. गाळणं धुवायला.”

अव्वानं परसातून भांडं आणवलं. म्हणजे काय, तर कोनाड्यात वेगळा ठेवलेला पत्र्याचा डबा. गड्यांना, बौद्धवाड्यातल्या माणसांना पाणी वरून ओतायला जो डबा असतो, तोच. काठ गंजून झडलेला. नागूबाईनं डब्यात बोट फिरवलं आणि बोट सगळ्यांना दाखवलं. तांबडं झालं होतं.

“हे बघा. ह्यात धुतलं तर गंज जाईल इंजिनात. परात द्या. पितळंची, घासलेली.”

“परात?” अव्वाचा आवाज चिरकला. “ज्यात आमी पीठ मळतो ती?”

“व्हय. तीच.”

“मस्ती आली काय गं तुला?”

“मस्ती न्हाय, अव्वा. ऐका नीट.” आता मात्र नागूबाईचा आवाज चढला, रस्त्यावरच्या गाड्याही थांबतील एवढा. “तुमच्या सोवळ्यापरीस इंजिनाचं सोवळं कडक हाय. तुमचं सोवळं माणूस बघून बाटतं, इंजिनाचं घाणीनं बाटतं. त्याला जात कळत न्हाय, गंज कळतो. माज्यासाठी जे भांडं ठिवलंय ना तुमी, ते माणसाला पाणी द्यायच्या लायकीचं न्हायच, पर यंत्राला बी चालंना! आता ठरवा. डबा ठिवायचा का ट्रॅक्टर चालवायचा?”

केराआत्या उंबऱ्याबाहेर उभी राहून पदराचं टोक चावत होती. नागूबाई ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बसली. हाताची घडी घातली. तिला वेळ होता असं नाही. वापसा तिच्याही रानातून उडत होता. पण ती बसली.

बराच वेळ गेला. मग रुद्राप्पा उठला, आत गेला, आणि स्वतः परात घेऊन आला. आईकडं न बघता त्यानं ती खाली ठेवली, जरा आपटूनच. अव्वा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत आत निघून गेली.

नागूबाई कामाला लागली. पाना लावून मधला लांब बोल्ट सैल केला. गाळण्याचा डबा हातावर उतरला तशी तळाची काळी घाण परातीत सांडली: पाणी, गाळ, गंजाचे तुकडे. पिवळ्या पितळेवर ती घाण अशी दिसत होती की दारातली माणसं पुढं सरकली. वरच्या टोपीच्या खाचेत तिनं बोट घातलं. जुनं रबर कडक होऊन लोखंडालाच चिकटलं होतं. ईराप्पानं पेचकस पुढं केला.

“नगं. लोखंडाला चरा पडला की जन्माचं गळंल. कुंपणाचा एक बाभळीचा काटा द्या. लांब बघून.”

काट्याच्या टोकानं तिनं ते रबर जरा-जरा उचललं, बोटभर, मग सगळं. त्याच्यावरचं नवं रबर बाहेर आलं ते एका बाजूला चेपून कापलेलं. दोन्ही तिनं ईराप्पाच्या तळव्यावर ठेवली. “ही तुमची दुहेरी मोट.”

दारात हशा झाला. ईराप्पाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, तरी त्यानं खिशातून तिसरं रबर काढून दिलं. “शेवटचं हाय,” तो हळूच म्हणाला. “हे कापलं तर सोलापूरला जावं लागंल.”

गाळणं डिझेलमध्ये दोनदा धुऊन, डबा पुसून, खाच कोरड्या धडप्यानं साफ करून तिनं रबराला डिझेलचं बोट लावलं. खाचेत बसवलं, आणि डोळ्यापेक्षा बोटानंच सगळीकडून चाचपलं. डबा वर लावला. बोल्ट आधी हातानं, मग पान्यानं. थोडा. आणखी थोडा. थांबली.

“पाइप लावू?” ईराप्पा सवयीनं बोलून गेला.

“बोल्ट आवळायचा हाय, गळा न्हवं.”

कॉक उघडला. सगळे खाली वाकून फटीकडं बघत राहिले. कोरडं. मग तिनं आत अडकलेली हवा सोडायचा वरचा बारका स्क्रू सैल केला आणि हातपंप दाबायला सुरुवात केली. आधी फेस आला, मग बुडबुडे फुटत तेल, मग बुडबुड्यांशिवाय, तारेसारखं सरळ. आता स्क्रू आवळला की झालं. नागूबाईनं स्क्रूवर बोट ठेवलं आणि आवळला नाही.

“अण्णा, पाळी कुणाची?”

रुद्राप्पा म्हणाला, “आधी चालू तर कर.”

“चालू झाल्यावर तुमी ऐकता व्हय? पाचव्याच्या म्होरं काय झालं ते म्या बघितलंय. आत्ता सांगा. ह्या सगळ्यांसमोर.”

“मला धमकी देतीस? माज्या अंगणात बसून?”

“अंगण तुमचं. ट्रॅक्टर सगळ्यांचा. पाळी आमची. ह्यात धमकी कुटं हाय ते सांगा. न्हायतर ईराप्पाभाऊला सांगा स्क्रू आवळायला. पाइप हायच त्यांच्याकडं.”

रुद्राप्पानं ईराप्पाकडं पाहिलं. ईराप्पानं तळव्यावरची दोन रबरं पाहिली, आणि एक पाऊल मागं सरला. “मी न्हाय बा हात लावत. एकच रबर हुतं.”

तेव्हा कोंडीबा बोलला. कोंडीबाला बौद्धवाड्याचा पुळका होता असं कुणी समजू नये. आयुष्यात तो त्यांच्यासाठी एकदाही बोललेला नव्हता. पण सहानंतर सात येतो, आणि सातवा कोंडीबाच. “अण्णा, यादीत सहावा त्यांचाच हाय की. त्यांचं झाल्याबिगर माजं कसं व्हायचं? यादीपरमानं जाऊ द्या.”

“आन माजं आठवं,” मागून कुणीतरी म्हणालं.

“यादीपरमानं,” आणखी एक.

न्यायासाठी तोंड न उघडणारी माणसं नंबरासाठी कशी उघडतात ते बघा! नागूबाईला त्याचं काही वाटलं नाही. जीभ कुणाचीही असो, शब्द आपला होता.

रुद्राप्पाचा चेहरा जांभळा झाला. “घिऊन जा,” तो म्हणाला. “सहावा. घिऊन जा एकदाचा.”

“तुमचा वरचा मळा?”

“यादीपरमानं!” तो खेकसला आणि आत गेला.

स्क्रू आवळला गेला. ईराप्पानं सेल्फ मारला. इंजिन दोनदा खोकलं, काळा धूर सोडला आणि धरलं. नागूबाईनं डब्याखाली कोरडा हात फिरवला. हात कोरडाच. तिनं परात विसळली नाही, उचलूनही दिली नाही; जिथं होती तिथं ठेवून ती ट्रॅक्टरच्या मागोमाग बाहेर पडली.

दुपार कलायच्या आत ट्रॅक्टर बौद्धवाड्याच्या रानात उतरला. पाभर साखळीला बांधली, नागूबाई आणि केराआत्या चाड्याला लागल्या. ईराप्पा पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी चालवत होता आणि दर तासाला खाली वाकून फिल्टरकडं बघत होता. केराआत्यानं नागूबाईचा हात हुंगून नाक मुरडलं. “नागे, शाळूला डिझेलचा वास यील गं.”

“यिऊ दे. पेर तू.”

उन्हं उतरायच्या वेळी बांधावर रुद्राप्पा येऊन उभा राहिला. सोबत कोंडीबा. अजून चार-पाच तासांचं रान राहिलं होतं. रुद्राप्पानं तोंडाला हात लावून आरोळी दिली, “ईराप्पा, जरा ताण की! किती वेळ लावायचा?”

ईराप्पाचा हात लिव्हरकडं गेला. त्यानं मागं पाहिलं.

“हळूच चालू दे, भाऊ,” नागूबाई मूठ सोडत म्हणाली, बांधाकडं मान न वळवता. “पळवला तर पेर पातळ पडंल. त्यांना म्हणावं, उभं ऱ्हावा. आज आमची पाळी हाय.”